चीवराचा रंग

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. घरातले जुने देव गेले होते आणि भिंतीतली देवळी रिकामी होती. बुद्धाची छापील तसबीर आमच्या मारेगावकडच्या खेड्यात सहज मिळत नसे. बाबांकडे एका पुस्तिकेत छापलेलं लहानसं चित्र होतं, तेही काळं-पांढरं. मामाने मला वणीच्या बाजारातून रंगीत पेन्सिलींची पेटी आणली, तेव्हा बाबा म्हणाले, "आता तूच काहाड. मोठं काहाड."

पेटीत सहाच रंग होते: लाल, पिवळा, निळा, हिरवा, तपकिरी, काळा. रेघांचं चित्र मी एका दुपारी उतरवलं. अडलं ते चीवराशी, बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राशी. चीवराचा रंग पेटीत नव्हताच.

"कसा असते तो रंग?" मी विचारलं.

"मी नागपूरले गेलतो तवा भिक्खू पाह्यले ना," बाबा ऐटीत म्हणाले. "पळसाच्या फुलासारखा."

"काल त संत्र्यासारखा म्हणत होते," आई चुलीपासून म्हणाली.

शेजारची मावशी कापूस वेचून येताना रोज आमच्या ओट्यावर टेकायची. ती म्हणाली, "पिवळ्यात लाल टाक. हळदीत चुना पडला का कसा रंग चढते!"

मी आधी लाल दाबून भरला, मग त्यावर पिवळा घासला. पण लालाचा मेणचट थर असा चकाकत होता की पिवळी पेन्सिल त्यावरून नुसती घसरायची.

मावशीने मान वाकडी करून पाहिलं. "बाई व, हे त छपरावरच्या कवेलूच्या रंगाचं झालं. भगवंताच्या अंगावर छपरी टाकली काय पोरीनं?"

मी रडकुंडीला आले. आईने दुसरा कागद दिला, त्यावर रेघा पुन्हा उतरवल्या. या वेळी आधी पिवळा फिरवला, अगदी हलक्या हाताने, कागदाचे दाणे दिसत राहतील असा. त्यावर लाल, त्याहून हलका. पुन्हा पिवळा, पुन्हा लाल. मग मावशीच्या ओटीतल्या कापसाचा बोळा घेऊन हळूच घासलं, आणि दोन्ही रंग एकमेकांत विरघळल्यासारखे झाले. चुण्यांमध्ये जरासा तपकिरी दिला, तर कापड खरंच खांद्यावरून खाली आल्यासारखं दिसायला लागलं.

"हाच!" बाबा ओरडले. "हाच रंग होता!"

चेहरा मी कोराच सोडला होता. गोरा म्हणजे कागदाचा रंग, अशी माझी समजूत.

मावशीला ते पटेना. "एवढे गोरे काहून? जलमभर उन्हातानात पायी फिरले ना ते?"

मी चेहऱ्यावर पेन्सिल टेकवली. मग पुन्हा पिवळा, त्यावर लालाची नुसती सावली, वर तपकिरी. समोर बसलेल्या बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत पाहत मी थर चढवत गेले, नाकाला सावली दिली. थोडा जास्त झाला की बोळ्याने पुसायचे, पुन्हा द्यायचे.

चित्र देवळीत ठेवलं. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून हात जोडून उभे राहिले. आईने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि पदर तोंडावर धरला.

"काय झालं?"

"काही नाही. सोताच्याच पाया पडून राह्यले तुमी."

बाबांनी वाकून नीट पाहिलं. तेच नाक, तोच सावळा रंग. रागावतील म्हणून मी दाराकडे सरकले. पण त्यांनी हळूच आपल्या कानाच्या पाळीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "कान मातर त्याहीचेच लांब हायेत." मग डोळे मिटून पुन्हा हात जोडले. त्या संध्याकाळी ते कोणावरच ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावशी कोरा कागद घेऊन हजर.

"माया घरीही पाहिजे," ती म्हणाली. "रंग असाच दे. पण मुंडकं आमच्या बुढ्यासारखं नको काढू, बाई. मले तो घरात एकच पुरे हाये."