डोंगरीची बस

माझी मुलगी तिसरीत असताना तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून सांगितलं, "ही बाकावर टिकत नाही. वर्गभर फिरते." मला काय ते नवीन होतं? घरी ती पाढे म्हणता म्हणता कॉटवर चढायची, तिथून खिडकीच्या ग्रिलला लटकायची आणि सात चोक अठ्ठावीसपर्यंत स्वयंपाकघरातले डबे उघडून बघत असायची. मीरा रोडच्या डॉक्टरांनी एडीएचडी असं नाव सांगितलं. शेजारणीकडे वेगळंच औषध होतं. "भाभी, दो थप्पड लगाओ, सब ठीक हो जाएगा." मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. बाहेर आले की पुन्हा तिच्यावर डोळे लावून बसायचे. ही आता काय पाडेल, कुठे पडेल, कोण काय बोलेल.

त्याच वर्षी एकदा मासळी आणायला तिला घेऊन किनाऱ्याकडच्या डोंगरी गावाच्या बसने निघाले. ही हात बाहेर काढेल म्हणून खिडकीशी मीच बसले. भाईंदर मागे पडलं, मिठागरं लागली आणि माझ्या शेजारी ही पोर आपणहून सातचा पाढा म्हणायला लागली. न चुकता, शेवटपर्यंत. मी श्वास रोखून बाहेर बघत राहिले. वळून बघितलं तर ती थांबेल, अशी भीती वाटली.

मग आमचा नेमच झाला. संध्याकाळी पिशवीत पुस्तक टाकायचं, डोंगरीला जायचं आणि परतीच्या बसने घरी यायचं. हिला अभ्यासाला हलती जागा लागते, असा शोध मी लावला होता आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. कंडक्टरने एकदा काळजीने विचारलं, "ताई, डोंगरीला कोणी आजारी आहे का?"

घरी मात्र सांगायची चोरी. अभ्यासाला बसमध्ये जाते म्हटलं असतं, तर सासूबाईंनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून मासळीचं निमित्त. सासूबाई जुन्या मिठागरवाल्या घरातल्या, ताज्या मासळीला कधी नाही म्हणायच्या नाहीत. पंचाईत व्हायची उपवासाच्या दिवशी. एका गुरुवारी मी विसरून पिशवी घेऊन निघाले, तर त्या म्हणाल्या, "आज गुरुवार हाय. मासळी न्हाय आनायची." मी दारातच थांबले. "जा पन तू. पोरीचा अभ्यास ऱ्हाईल." खालपर्यंत मी एकटीच हसत गेले. किती बरं वाटलं होतं त्या दिवशी! सासूबाई आता नाहीत. आजही गुरुवारी त्यांची आठवण येते.

मुलगी पुण्याला नोकरी करते. गेल्या महिन्यात अचानक घरी आली आणि गप्पच. जेवणात लक्ष नाही, फोन बंद. काय झालं, कुणी काही बोललं का, नोकरी ठीक आहे ना, मी विचारून विचारून थकले. "काही नाही गं आई," एवढंच उत्तर. माझ्या जिवाला घोर लागला होता. शेवटी एका दुपारी तीच म्हणाली, "डोंगरीला जाऊया?"

बसमध्ये तिने मला खिडकीशी बसवलं. मी म्हटलं, "तुला अजून हलती जागाच लागते बघ."

"बसमुळे नव्हतं गं ते," ती म्हणाली. "घरी तू सारखी माझ्याकडे बघत असायचीस. इथे बाहेर बघायचीस. तेवढा वेळ मला वाटायचं, आपलं काही बिघडलेलं नाही."

इतकी वर्षं मिरवलेला माझा शोध राई गावाच्या स्टॉपवरच उतरून गेला. तिला जवळ घ्यावं, तिचा चेहरा नीट बघावा, असं फार वाटत होतं. मी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मोर्वा गाव गेलं तशी ती हळूच म्हणाली, "आई, झालं काय माहितीये..."