अंगठ्याने मोजलेला डोळा

वळणावरच्या पंक्चरवाल्याने उभ्या आयुष्यात हवा मोजायचं यंत्र वापरलं नाही. टायरवर अंगठा दाबायचा, "अजून जराशी" म्हणायचं, की हवा बरोबर भरलेली. लोक मानायचे त्याला. पण माणसाने आपला अंगठा कुठे कुठे चालवावा, याला काही धरबंध?

त्याला काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यात दाब वाढलाय."

गड्याचा चेहरा खुलला. दाब म्हणजे घरचंच काम. "मग द्या की थोडा सोडून!"

"हवा नाही हो, पाणी असतं आत. रडतो ते नव्हे, वेगळं. ते सारखं तयार होतं आणि बारीक वाटेने बाहेर जातं. तुमची वाट तुंबलीय. या थेंबांनी पाणी तयार होणंच कमी होईल. सकाळ-संध्याकाळ घालायचे, जन्मभर. नाहीतर दाबाने मागची नस मरेल."

थेंब चुरचुरायचे. काही महिने घातले. मग एका सकाळी त्याने पापणी मिटून वरून अंगठा दाबला. डोळा मऊ लागला. दुखत नव्हतं, दिसतही होतं. बाटली कपाटात गेली.

"अहो, डोळा आहे तो, टायर नव्हे!" बायको म्हणाली.

"दाबातलं मला नको शिकवूस."

झालं, विषय मिटला.

वर्षभराने दुकानात बसल्या बसल्या तो ओरडला, "अगं, चहा आणतेस ना?" ती कप घेऊन त्याच्या डाव्या हाताशीच उभी होती. तिला वाटलं, थट्टा करतोय मेला. दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा तिने शटर खाली ओढलं आणि त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

बाईंनी यंत्र लावलं. दाब भलताच चढला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती.

"आता दुप्पट थेंब घालतो," तो म्हणाला.

"गेलेली परत येत नाही. उरलीय ती राखायला थेंब आहेत, आणि तेही सांगितले तेवढेच."

त्याला फार वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं.

त्या संध्याकाळी तो मान मागे टाकून बसला. अंगठा मुठीत आवळून धरलेला. बायकोने थेंब घातले.

"उजवीकडे बसत जा गं," तो म्हणाला.

"का?"

"डावीकडे असलीस की तू नसतेसच."

तिने बाटलीला टोपण लावलं आणि उजवीकडे येऊन बसली.