बिनतिथीचा उपास

एलिना सिस्टर भांडं आधी गरम पाण्याने विसळते. भांडं म्हणजे झोपलेल्या पेशंटच्या खाली सरकवतात ते. विसळून, पुसून झालं की स्वतःच्या मनगटाला लावून बघते, बाळाच्या दुधाची बाटली बघावी तशी. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी पदर आवरून दोन पावलं मागे सरले. माझं सोवळं कडक. इस्पितळातून घरी गेले की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय देवघराकडे फिरकत नाही.

"मनगटाला कशाला लावतेस गं?"

"माझी सासू अंथरुणात होती ना काकू, ती ओरडायची, मेले, बर्फावर बसवतेस का मला." आणि हसली.

एलिना वाघोलीची. वडिलांची केळीची वाडी. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली आखातात गेल्या, त्यांनी बंगले बांधले. हिची सासू लकव्याने पडली, ही राहिली. सासू गेल्यावर तुळिंजच्या या खाजगी इस्पितळात लागली. पेशंटवर वाकताना गळ्यातला क्रूस आड येतो म्हणून तो पाठीकडे टाकायची तिची सवय.

माझी नणंद रीमा पायाच्या ऑपरेशनसाठी तिथे होती, म्हणून मी रोज डबा घेऊन जायचे. शेजारच्या खाटेवर भागूबाई. खाडीकडच्या गावातल्या, भाताच्या चिखलात आयुष्य काढलेल्या. आता खुब्याचं हाड मोडून उताण्या पडलेल्या. डायपरने मांड्या सोलवटल्या म्हणून ते बंद केलेले, सगळं भांड्यावरच.

आणि तिथली आयाबाई. तिच्याबद्दल लिहिताना अजून ओकारी येते. ज्या हातमोज्यांनी भागूबाईंना पुसलं, तेच मोजे घालून त्यांच्या तोंडाला पेला लावायची. भांडं मागितलं की "आता तर दिलं होतं" म्हणून चालू पडायची. मग चादर ओली व्हायची, आणि ही दारातूनच, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायची, "म्हातारे, घाण करायचीच तर एवढं पाणी ढोसतेस कशाला?"

भागूबाईंचा मुलगा शत्रुघ्न यायचा तो अत्तराचा रुमाल नाकाला लावूनच. आईच्या खाटेपासून लांब उभा राहायचा. "आई, लोकांना वास येतो. जरा धर ना." एवढं बोलून मोबाइलवर कुठल्या तरी प्लॉटचं बोलत व्हरांड्यात. लघवीचा वास मी कसाबसा सोसला, पण त्या अत्तराने मळमळायचं.

मग भागूबाईंनी पाणी बंद केलं. "मना उपास हाय," म्हणाल्या. येईल त्याला शत्रुघ्न कौतुकाने सांगू लागला, "आमची आई फार देवभोळी. निर्जळी करते." आयाबाईची तर दिवाळीच. दुसऱ्या दिवशीही उपास. ओठांना भेगा पडल्या, सलाइनलाही त्या हात देईनात. डॉक्टर म्हणाले, पाणी गेलं नाही तर किडनीवर बेतेल, आणि पुढच्या खाटेकडे गेले. देवाच्या नावाने चाललंय म्हटल्यावर कोण बोलणार?

एलिना सुट्टीवरून आली ती हे ऐकून थेट माझ्याकडेच.

"काकू, तुमच्यात आज कसला उपास असतो?"

रोजच्या वहीत मी आधी तिथी लिहिते, मग बाकीचं. "आज सप्तमी," मी म्हटलं. "काही नाही आज. कालही नव्हता."

"आमच्यात उपवासकाळात फादर सांगतात, आजारी माणसाला उपास माफ. तुमच्यात?"

"आमच्यातही तसंच."

तिने खाटेचा पडदा ओढला. ओल्या कापसाने ओठ टिपत असावी. आवाज आला, "आये, देव कुठला गो तुमचा, पानी नको बोलनारा?"

भागूबाईंनी कापूस चोखल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पोर बोलतं, जरा धर. मूत धरवत नाय गो. मंग उपास धरला."

पडद्याच्या अलीकडे मी आणि रीमा. रीमाने तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या हातातला डबा मला उघडवेना.

"आता काही धरायचं नाही," एलिना म्हणाली. "मला हाक मारायची. नसले तर येईपर्यंत मारत राहायची." भांडं गरम करून आणलं. "आता कूस वळवते हां. आता हात घालते. गार नाही ना?" एवढंसं झालं, काळ्या चहासारखं, असं तिने मला नंतर सांगितलं. तिने त्यावर फडकं झाकलं, पडदा सारला, आणि नेमका शत्रुघ्न आला, रुमालासकट.

"दादा, जरा धरा," म्हणत एलिनाने भांडं त्याच्या हातात दिलं.

काय आहे हे कळायच्या आत त्याने घेतलं. दोन्ही हात लागले, रुमाल खाली पडला.

"हे... हे काय?"

"आईचं आहे. मी त्यांना पाणी पाजते तोवर. सांडू नका."

अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा करून तो उभा. एलिनाने मोजे काढले, साबणाने हात धुतले, चोचीचा कप भरला. भागूबाईंनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग लेकाच्या उघड्या नाकाकडे. आणि प्यायल्या. थांबत थांबत, सगळा कप.

"झालं का?" शत्रुघ्नने विचारलं.

"अजून वाईच घाल गो," भागूबाई एलिनाला म्हणाल्या.

त्याने तक्रार केलीच. मोठ्या सिस्टरने एलिनाला सुनावलं, नातेवाइकांच्या हातात असलं काही द्यायचं नाही म्हणून. आयाबाईला मी मोजे बदलायला लावले, तर माझ्यासमोर तेवढे बदलले आणि जुने खिशात घातले. खिशात. आणि त्याच खिशातून तंबाखूची डबी काढली.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढत होते, तेव्हाच वरून भागूबाईंचा आवाज आला, शेतात हाळी घालावी तसा.

"एलिने, भांडा आन गो. गरम करून आन."