एका जंताचे दोन तुकडे

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला दुसऱ्या वर्षी परजीवीशास्त्र घेतलं की सगळ्यात आधी आतडी उघडायला शिकावं लागे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पैठणच्या धरणातली मासळी सकाळी बाजारात येई. त्यातली एखादी वाम घ्यायची, कॉलेजात आणून तिचं पोट चिरायचं आणि आतड्यात चपटा जंत आहे का ते पाहायचं. बहुतेक वेळा नसे. मासा मग प्रयोगशाळेचा शिपाई घरी नेई.

एका टेबलावर दोघं बसत. माझ्या टेबलावरचा मुलगा कन्नडच्या बाजूचा, माळकरी घरातला होता. मासे चिरतो हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. ‘जंतांवर काम चालू आहे’ एवढंच सांगितलं होतं. आईला ते दवाखान्याचं काहीतरी वाटलं आणि तिने गावात तसं सांगूनही टाकलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांना अहोजाहो केलं. तो मला मॅडम म्हणे.

मासळीवाल्या चाचीला आमची गंमत वाटे. “अच्छी मछली छोड के आंतड्याँ कायको देखते रे तुम लोगां?” ती विचारायची.

“किडा मिल्या तो पास, चाची. नहीं मिल्या तो गाँव,” तो म्हणायचा.

यात चेष्टा अर्धीच होती. त्याचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. संचालकाकडे शब्द टाकून त्यांनी मुलासाठी स्लिप बॉयची जागा धरून ठेवली होती. शेतोशेती फिरायचं, तोडलेल्या उसाच्या पावत्या फाडायच्या, हे ते काम. संशोधनाला जागा आणि विद्यावेतन मिळालं तर शहरात राहा, नाहीतर पुढच्या गळिताला कामावर हजर व्हायचं, असं ठरलं होतं. आमच्या सरांकडे त्या वर्षी संशोधनाची एकच जागा रिकामी होती. नवा जंत आणणाऱ्याला जागा, ही त्यांची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक होती.

सरांनी आयुष्यभर नवे जंत शोधले होते. त्यांच्या कपाटात काचेच्या पट्ट्यांवर चिकटवलेले जंत ओळीने ठेवलेले असत. एकाला त्यांच्या गुरूंचं नाव होतं, एकाला गावाचं, एकाला आईचं. आईचं नाव जंताला दिल्याचं ते वर्गात अभिमानाने सांगत आणि वर्गात कुणी हसत नसे.

हिवाळ्यात एका वामेत जंत निघाला. तो काचेच्या पट्टीपेक्षा लांब होता, म्हणून आम्ही त्याचे दोन तुकडे केले. एक त्याने घेतला, एक मी. जिवंत जंत दोन काचांमध्ये चपटा करून दोऱ्याने बांधायचा आणि औषधात बुडवायचा, म्हणजे आतले अवयव नीट पसरून दिसतात. त्याची गाठ वैरणीच्या पेंढीची होती. दोऱ्याचं टोक दातात धरून तो कचकन आवळायचा. माझी गाठ सैल असे. त्यावरून शिपाई म्हणे, “ताई, जंत बांधायलाव का बाळाला दुपटं गुंडाळायलाव?”

पुढे रंग देऊन, पाणी काढून, पातळ काच चिकटवून आमच्या पट्ट्या तयार झाल्या. सरांनी त्याची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. चपट्या जंताच्या प्रत्येक खंडात वृषणांचे बारीक गोल ठिपके असतात आणि त्यांच्या मांडणीवरून जात ठरते. ग्रंथांत दिलेल्या जंतांत ते विखुरलेले असत. याच्यात ते सरळ दोन रांगांत होते. सरांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाले, “हा आपल्याकडे नव्हता. चित्र काढा.” चित्र छापून आलं की त्याचं नाव सरांच्या नावामागे येणार होतं. त्या दुपारी त्याने साऱ्या टेबलांना कँटीनचा चहा पाजला.

माझी पट्टी कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी चित्र काढायला बसण्याआधी त्यानेच ती मागून घेतली. त्याच्या तुकड्याचं टोक तुटलेलं होतं आणि जंताची पूर्ण लांबी त्याला दाखवायची होती. पाहता पाहता तो थांबला. पट्ट्या बदलून त्याने पुन्हा पाहिलं, मग मला पाहायला लावलं. माझ्या तुकड्यात ठिपके विखुरलेले होते, ग्रंथातल्यासारखे. त्याच्या तुकड्यात रांगा होत्या. मासा तोच होता, जंतही तोच. फरक दोऱ्याचा होता; घट्ट आवळल्याने त्याच्या तुकड्यातले ठिपके दाबून रांगेत सरकले होते.

मी त्याला म्हटलं, सरांनी पाहिलंय, तुम्ही चित्र काढा. तो दोन्ही पट्ट्या घेऊन सरांच्या खोलीत गेला. माझ्या परीक्षेच्या अहवालाचं विचारायचं होतं म्हणून मीही मागोमाग गेले.

सरांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या आणि माझी कुणी बांधली ते विचारलं. त्याने सांगितलं. सर शांतपणे म्हणाले की सैल बांधलं की जंत आकसतो, आतलं खरं दिसत नाही. इतकी वर्षं त्यांनी स्वतः घट्टच बांधले आहेत. बोलताना त्यांची नजर एकदा कपाटाकडे गेली. मग त्यांनी माझी पट्टी त्याच्यापुढे सरकवली.

“हिची चुकली आहे. धुऊन टाका. काच ज्युनिअरना होईल.”

पट्टी धुणं म्हणजे ती झायलॉलमध्ये टाकणं. त्यात डिंक विरघळतो, वरची काच सुटते आणि जंत तरंगून निघतो. तो परत चिकटवला जात नाही.

प्रयोगशाळेत येऊन त्याने झायलॉलची बरणी उघडली. दोन्ही पट्ट्या समोर होत्या. माझी त्याने उचलून माझ्या बाजूला ठेवली आणि स्वतःची बरणीत सोडली.

“अहो, ती तुमची आहे,” मी म्हटलं.

“व्हय,” तो म्हणाला. “तुमची बरोबर हाय, मॅडम.”

वरची काच सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता. काच सुटल्यावर चिमट्याने काढून त्याने ती पुसली आणि कोऱ्या काचांच्या डब्यात ठेवली. सर चित्र मागायला आले तेव्हा त्याने धुतल्याचं सांगितलं.

“हिची?”

“माझी, सर.”

सर बरणीत डोकावले. मग तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेले. त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. जागा शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मिळाली. त्याला बकरीच्या आतड्यात नवा जंत मिळाला होता. त्या जंताचा सैल बांधलेला तुकडा कुणाकडे नव्हता.

माझ्या अहवालात वामेत नेहमीच्या जातीचा जंत आढळल्याची नोंद झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान न थांबता उलटलं. माझ्या टेबलावरचा तो दुसऱ्या वर्गात पास झाला. निकाल घेऊन कन्नडची एस.टी. धरली आणि गळीत सुरू झाल्यावर पावत्या फाडायला लागला. आई गावात काय सांगते, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात लागले. एकदा बातमीसाठी मासळी बाजारात गेले तेव्हा चाचीने मला ओळखलं आणि तो लांबडा मुलगा कुठे असतो ते विचारलं. गावी गेला, मी सांगितलं.

“किडा नहीं मिल्या उसको?”

“मिल्या था,” मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाम तोलायला घेतली.