अण्णांचे तिघे

रानटी योद्धा घेऊन खेळायला बसणारा आणि कुऱ्हाडीला हात न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे अण्णा. कानडी मुलखातल्या मळमड्डीत तेव्हा माझं सायबर कॅफे होतं. चार संगणक आणि कोपऱ्यात एसटीडीचा फोन. कॉलेजची पोरं तिथं संगणकावरच्या खेळात राक्षस मारायला येत. त्यांच्यात पन्नाशीला टेकलेले अण्णा शेवटच्या खुर्चीवर येऊन बसत. अमरगोळच्या बाजारात ते एका अडत्याकडे कामाला होते. लिलावात ओरडून संध्याकाळपर्यंत घसा पार बसलेला असायचा. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि शेजारच्या सुमाक्का तिच्यापाशी बसत तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा.

त्या खेळातल्या रानट्याला एक विद्या होती. हाक मारली की त्याचे तीन मेलेले पूर्वज धुरातून उभे राहत, त्याच्यासाठी लढत आणि थोड्या वेळानं विरून जात. पुन्हा बोलवायचं तर जरा थांबावं लागे. पोरं मिळतील ते पॉइंट कुऱ्हाडीचं बळ वाढवायला घालत. हाक त्यांच्या लेखी अडीअडचणीची. अण्णांनी सगळे पॉइंट हाकेवर घातले. त्यांचा रानटी आपला मागं उभा राहून नुसता माणसं बोलवायचा. "होडीरी अण्णा, होडीरी! मारा की!" पोरं ओरडत. अण्णा म्हणत, "दिवसभर मीच लढतोय की रे. इथं तरी दुसऱ्या कुणाला लढू दे."

कळ दाबताना ते हलकेच कानडीत "बर्री, बर्री" म्हणत, दारात आलेल्या पाहुण्याला "या, या" म्हणावं तसं. पोरांपैकी कुणी चेष्टेनं "बारो" म्हणालं की त्यांना खपत नसे. पितरांना अरेतुरे कसं करायचं? चपलाही ते दाराबाहेर काढत. म्हाळाच्या पंधरवड्यात तर खेळायलाच येत नसत. "या दिवसांत त्यांना घरोघरी बोलावणं असतंय. त्यात मी आणि कशाला दमवू?" आम्ही पोट धरून हसायचो. ते मात्र हसत नसत.

अण्णांना धाकटे भाऊ तीन. एक पुण्यात, एक बंगळुरात, एक अमेरिकेत. आई माणसं ओळखतेय तोवर तिघांनी एकदा येऊन जावं, एवढंच त्यांना हवं होतं. फोन माझ्याच दुकानातून करत. सुरुवातीला "ये रे", मग "येऊन जा की रे", आणि पुढं पुढं नुसतं "बघ". एकदा रिसीव्हर ठेवून म्हणाले, "तसं काही झालं तर लगेच कळव, म्हणतोय. तसं काही झाल्यावर आई कुणाला ओळखणार?" मला त्या तिघांचा असा संताप आला की मी तोंडाला येईल ते बोललो. अण्णांनी ऐकून घेतलं. "राग धरायलाही जोर लागतोय," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

एका रविवारी दुकानातून त्यांच्याबरोबरच मी मोसंबी घेऊन आईंना बघायला गेलो. आम्हाला बघताच आई म्हणाल्या, "उशीर केलास."

"तिघे आले होते आई, म्हणून बसलो," अण्णा माझ्याकडे बघत थट्टेनं म्हणाले.

म्हातारीचे डोळे एकदम उघडले. "तिघंही आले? जेवून गेले का?"

अण्णांचा चेहरा उतरला. सांगायला तोंड उघडलं त्यांनी, पण सांगवेना. "हो," म्हणाले. "घाईत होते. तू झोपली होतीस."

"उठवायचं की रे." त्यांनी परत डोळे मिटले. "असू दे. दमली असतील पोरं."

त्यानंतर तो रोजचा पाठच झाला. आई विचारायच्या, "आज?" अण्णा म्हणायचे, "आले होते की." मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "खोटं कुठं आहे? रोज बोलावतो, तिघे येतात. तू बघतोस की." आई त्या दिवसांत चार घास जास्त खाऊ लागल्या होत्या, हेही खरं.

आई गेल्या आणि तिघे भाऊ आले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिघंही घरात हजर. सुमाक्का डोळे पुसत त्यांना म्हणाल्या, "शेवटपर्यंत समाधानात होत्या बघा. पोरं रोज येऊन जातात, म्हणायच्या." बंगळुरवाला म्हणाला, "भ्रम झाला असेल, वय होतं." अण्णा पाण्याची घागर उचलून आत गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघे निघाले, डबाही न घेता.

त्याच संध्याकाळी अण्णा दुकानात आले. ती शेवटचीच खेप. चपला बाहेर काढल्या, खुर्ची ओढली. राक्षसांच्या वाटेला गेलेच नाहीत; मोकळ्या माळावर रानट्याला उभा केला आणि कळ दाबली. धुरातून तिघे उभे राहिले. मारायला कुणी नव्हतं, म्हणून तिघे नुसतेच उभे. अण्णांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. एवढ्या दिवसांत ते या तिघांशी मराठीत कधी बोलले नव्हते. आता पडद्याकडे थोडं वाकून म्हणाले, "जेवून जावा रे."

तोवर ते विरायला लागले होते.