बेडूक एक की दोन? सिंगापुरात बसून आफ्रिका ऐकताना

सिंगापूर नगरीविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. इथे चहा नुसता मागता येत नाही. ‘तेह’ म्हटलं की घट्ट गोड दूध घालून येतो. ‘तेह-ओ’ म्हटलं की दूध जातं, साखर राहते. पुढे ‘कोसोंग’ जोडलं की साखरही जाते. जन्मभर पोरांना शब्दांचे प्रत्यय शिकवले, पण चहाला प्रत्यय लावायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी अगदी शुद्ध उच्चारात चहा मागितला आणि कॉफी प्यायलो.

तरी गेलो, आणि तेही एका बेडकासाठी! माझी जुनी विद्यार्थिनी प्रज्ञा तिथे संशोधक आहे. शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकली, कॉलेजात पाली घेऊन तिने मला दगा दिला आणि पुढे थेट बेडकांना जाऊन मिळाली. एक दिवस तिचा फोन आला. “सर, एकच आवाज ऐकून ऐकून माझे कान विटलेत. तुमचे घेऊन या ना.” असं आमंत्रण पुन्हा कोण देणार? व्हिसा एजंटाकडून काढला, शाळांच्या सुट्ट्या टाळल्यामुळे तिकीटही बेताचं पडलं. हॉटेलं महाग आहेत. मुक्कामाला ओळखीचं घर असेल तर संकोच करू नका, मी केला नाही.

प्रज्ञा आणि तिचा नवरा मिलिंद यांचा फ्लॅट पाया लेबारला आहे. तिथून प्रज्ञाच्या विद्यापीठापर्यंत एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, गाडी न बदलता जाता येतं, आणि आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की दार उघडतं. गाडीत एसी असा की शाल न्यावी. मी नेली, आणि मिलिंद माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून उभा राहिला.

प्रयोगशाळेत पोचल्यावर प्रज्ञाने बरणीतला बेडूक दाखवला. तपकिरी, अंगठ्याच्या नखाएवढा. घराण्याचं नाव फ्रायनोबॅट्रॅकस. ग्रीकात पहिल्या अर्ध्याचा अर्थ भेक, दुसऱ्याचा बेडूक. थोडक्यात, पंडितांनी ‘बेडूक बेडूक’ म्हणून हात झटकले. परदेशी संग्रहालयांनी उसने दिलेले असे नमुने आणि जुनी ध्वनिमुद्रणं यांवर तिचं काम चालतं.

“पुस्तकं म्हणतात, कॅमेरूनपासून काँगोपर्यंत हा एकच,” ती म्हणाली. “मला वाटतं, खालच्या जंगलातला वेगळा आणि कॅमेरूनमधल्या एका डोंगरावरचा वेगळा. एक असेल तर चिंता नाही, भरपूर पसरलाय. दोन असतील, तर डोंगरवाल्याला जगात तेवढा एकच डोंगर.”

म्हणजे खरोखरीचा कूपमंडूक! मी खुर्ची पुढे ओढली.

तिने गावांची नावं झाकून आवाज लावले. मी वेगळे करत गेलो आणि शेवटी दोन ढीग झाले. प्रज्ञाने नावं उघडली. एका ढिगात सगळे डोंगरावरचे, दुसऱ्यात सगळे खालचे.

मी कॉलर ताठ करणार, तेवढ्यात ती म्हणाली, “इथेच सगळे फसतात, सर. डोंगरावर गारवा असतो. गारव्यात बेडूक सावकाश ओरडतात. तुम्ही नुसता वेग ओळखलात.”

“वेग कोण ऐकतंय? एक म्हणतो लघु-लघु-गुरू. दुसरा गुरू-लघु-लघु. श्लोक सावकाश म्हटला म्हणून त्याचं वृत्त बदलतं का गं? पाली घेतलीस त्याचा हा परिणाम.”

“पालीतही लघु-गुरू असतात, सर,” ती बोलली खरी, पण तिचे डोळे पडद्यावर होते. तिने सगळे आवाज एका वेगाला आणले, पुन्हा मिसळले, पुन्हा नावं झाकली. मी पुन्हा वेगळे केले. तेच दोन ढीग! ती उठून उभीच राहिली.

“मी इतके दिवस नुसता वेग मोजत बसले होते हो.” मग लगेच बोट उगारून, “हा पुरावा नाही हं. जनुकं बघायची, नवे नमुने आणायचे.”

संध्याकाळी मॅकरिची जलाशयाकाठी फिरायला गेलो. लाकडी पायवाट आहे, फुकट आहे, फक्त माकडांना पिशवी दाखवू नका. पाऊस पडून गेला होता आणि गटारातून स्थानिक बेडूक म्हशीसारखे हंबरत होते. मी प्रत्येकाचं वृत्त सांगत सुटलो. नंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, दक्षिणी थाळी खाल्ली, पोटभर आणि स्वस्त. मिलिंदने उसाच्या रसाचा ग्लास उंचावला. “सर, दोन निघाले तर पार्टी ला!” (हा ‘ला’ विभक्तीचा नव्हे, सिंगापूरकर वाक्याच्या शेवटी उगाच जोडतात तो.)

“दोन निघाले तर त्यातला एक संकटात आहे रे,” प्रज्ञा म्हणाली. “डोंगरावरची रेकॉर्डिंगं आपल्या लग्नाआधीची आहेत. त्यानंतर तिथून कोणीच आवाज आणलेला नाही. आता मलाच जावं लागेल.”

ग्लास खाली आला.

आता पुण्यात परत येऊन चहा विनाप्रत्यय पितो आहे. जाण्यासारखं आहे का, विचाराल तर जरूर जा. आपले कान बरोबर निघाल्याचा आनंद अजून उतरलेला नाही, भेटेल त्याला लघु-लघु-गुरू ऐकवतो. प्रज्ञाची डोंगरावर जायची तयारी सुरू आहे. तिकडे पाऊस लागला की निघेल. माझ्या कानांमुळे तो बेडूक संकटात आलेला नाही, मी चुकलो असतो तरी तो डोंगर काही मोठा झाला नसता, हे कळतं. पण मला काळजी वाटते ती ही, की ती तिथे जाऊन कान देऊन बसेल, आणि ओरडायला कोणी उरलेलंच नसेल.