दादाचा चहा

आमच्या घरात दादाने शीळ घातली तरी लोक एकमेकांकडे बघतात. लोक म्हणजे मी आणि वहिनी. दादा माझा थोरला भाऊ. सोफे-खुर्च्या दुरुस्त करतो, आणि त्याला बायपोलर आहे. नाव झोकदार असलं तरी दुखणं असं की काही महिने माणसाला आभाळ ठेंगणं होतं आणि पुढचे काही महिने पांघरुणातून पाय बाहेर काढवत नाही. अशाच एका चढत्या काळात त्याने गिऱ्हाइकांचे होते नव्हते तेवढे सोफे एकदम उसवले. सगळ्यांना नव्या तऱ्हेच्या स्प्रिंगा बसवणार होता म्हणे! झोप नाही, जेवण नाही, तोंडाचा पट्टा सतत चालू. मग एक दिवस गप्प झाला आणि त्या पसाऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजला. ते सोफे वहिनीने आणि मी शिवून दिले.

पुढे डॉक्टरीणबाईंनी लिथियम सुरू केलं. "गुण येतो ती मात्रा आणि विष होते ती मात्रा, यांत फार अंतर नसतं," त्यांनी बजावलं होतं. "रक्त तपासत राहा. थायरॉइड आणि किडनीवर लक्ष हवं. उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर तडक या." दादा सावरला. हात जरा थरथरायचा, पण ओठांत बारीक खिळे धरून तो हातोडी चालवायला लागला की नजर ठरायची नाही.

तो सावरला, आम्ही नाही. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही. तो जास्त बोलला की दुखणं, गप्प बसला की दुखणं, चिडला तर विचारूच नका. बिचाऱ्याला साधं रागवायचीही सोय उरली नव्हती.

अशात त्याला एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम मिळालं. स्वारी खुशीत. वहिनीने मला दुकानात कापडाच्या ताग्यांआड ओढलं.

"बघितलंस? चढायला लागलेत."

"अगं, मोठं काम मिळालंय. माणूस काय रडेल?"

"मग हे काय?" तिने मूठ उघडली. आत त्याची गोळी. कामाच्या टेबलाखाली सापडलेली.

दादाला विचारलं. "हात थरथरतो ना, निसटली. दुसरी घेतली मी," तो म्हणाला.

वहिनी म्हणाली, "बरं." आमची वहिनी भांडत असली की समजावं, सगळं ठीक आहे. ती नुसतं 'बरं' म्हणाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

थोड्याच दिवसांत दादाची नवी तक्रार सुरू झाली. सकाळचा चहा कसातरी लागतो. एकदा कप खाली ठेवून तो स्पष्टच म्हणाला, "चहात काहीतरी आहे."

मागे दुखणं शिगेला गेलं तेव्हा त्याला शेजारीपाजारी पाळत ठेवताना दिसायचे. आता घरच्या चहावर संशय! म्हणजे सगळं पहिल्यापासून. खात्री करावी म्हणून मी त्याचा कप उचलला, तर वहिनीने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला.

"गार झालाय," ती म्हणाली.

तीच ती चहापत्ती दोनदा उकळणारी बाई भरला कप ओतून देते? मला ते खटकलं. पण घरात वेडा ठरलेला माणूस एक असला की शहाण्यांकडे कोण बघतं!

मग दादाच्या हातून खिळे सांडायला लागले. जीभ जड झाली, पाय वाकडे पडायला लागले. वहिनीने त्याच्या तोंडाचा वास घेतला. मी फोमच्या गुंडाळ्यांमागे बाटली शोधली. काही नाही.

"प्यायलो नाही गं मी," तो म्हणाला. "हे ते दुखणं नाही. मला दवाखान्यात ने."

"परवाची वेळ घेतलीय," वहिनी म्हणाली.

"परवापर्यंत मी राहत नाही."

तेही आम्हाला दुखण्याचंच बोलणं वाटलं. दुपारी त्याला उलट्या झाल्या आणि तो दुकानातच कोसळला. तेव्हा कुठे मी गाडी बोलावली.

रक्तात लिथियम नको तितकं वर गेलं होतं. सलाईन लागलं. बाहेरच्या बाकावर वहिनीने माझं मनगट धरलं.

"मी घालत होते. रोज एक जास्तीची, कुटून, चहात. मला वाटलं, हे थुंकून टाकतात."

"आणि तो सांगत होता तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, चढलंय, म्हणजे गोळी कमीच पडतेय."

मला इतका राग आला की हात उचलला गेला. मग तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसली. ते सोफे उसवले तेव्हापासून ही बाई धड झोपलेली नाही. हात खाली आला, राग नाही. "आत जाऊन सांग," मी म्हटलं.

आत तरुण डॉक्टर दादाला विचारत होते, "गोळ्या जास्त कशा गेल्या?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याला चहाचं कळलं असणार. जड जिभेने तो म्हणाला, "मीच घेतल्या."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "जीव द्यायचा विचार होता?" आणि लिहायलाही लागले. इतक्या वर्षांत दादाचं एखादं वाक्य कुणी असं झटक्यात खरं मानलं नव्हतं.

"खोटं आहे!" वहिनी ओरडली. "मी दिल्या. चहातून."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. "बाई, अशा वेळी घरच्यांना स्वतःचाच दोष वाटतो. तुम्ही शांत व्हा."

"अहो, खरंच सांगतेय मी!"

"खरं आहे ते, लिहून घ्या," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं आणि सिस्टरला आम्हाला पाणी द्यायला सांगितलं.

वहिनी खाटेच्या कडेला बसली आणि रडायला लागली. "डॉक्टर माझं ऐकत का नाहीयेत?"

दादाने तिचा हात धरला. त्याचा हात अजून थडथड उडत होता.

"असंच होतं गं," तो म्हणाला. "माझं रोज होतं."